अ, ब, ज, द : जगन्नाथ सम्राटांच्या रेखागणिताची ओळख

रेखागणिताच्या पहिल्या अध्यायात पहिलेच काम नेमून दिले आहे ते दिलेल्या सरळ रेषेवर समभुज त्रिकोण काढण्याचे. रेषेचे नाव अब. पुढे जसजसे बिंदू लागतात तसतशी अक्षरे येत जातात: ज, द, ह, व, झ. लहानपणी ज्याने वर्णमाला घोकली आहे त्याला हा क्रम खटकल्याशिवाय राहणार नाही. अ नंतर आ नाही, क-ख-ग तर सुरुवातीला कुठेच नाहीत. हा क्रम अरबीचा आहे. अलिफ, बे, जीम, दाल, हे, वाव, झे: अक्षरांना अंकांचे मोल देण्यासाठी अरब गणिती वापरत तो ‘अबजद’. आणि अरबांनीही तो या आकृत्यांवर घातला तो युक्लिडच्या अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा या खुणांच्या जागी. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात रचलेली भूमिती अरबीतून फिरून अठराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात संस्कृतात उतरली. उतरवणाऱ्याने शब्द बदलले, वाक्ये बदलली, मंगलाचरण आपले घातले. पण आकृत्यांवरची अक्षरे होती तशीच ठेवली.

हे काम करणारे पंडित जगन्नाथ, जयपूरच्या सवाई जयसिंहांच्या दरबारातले ‘सम्राट’ पदवीचे विद्वान, परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण. शाहजहानच्या काळातले ‘रसगंगाधर’कार पंडितराज जगन्नाथ वेगळे. ते आंध्राकडचे, साहित्यशास्त्रज्ञ. दोघांचीही गाठ उत्तरेतल्या राजदरबारांशी, दोघांचेही नाव एकच, त्यामुळे चांगल्या-चांगल्या लेखांतही हा घोटाळा दिसतो. वाचकांनी आरंभीच ही गाठ सोडवून टाकावी.

दुसरी गाठ अधिक अवघड आहे, कारण ती मराठी मनाला गोड वाटते. गोष्ट अशी सांगतात: औरंगजेबाने शिवाजी महाराजांवर जयसिंहाला पाठवले. परतताना जयसिंहाने दक्षिणेतून जगन्नाथ नावाचा वीस वर्षांचा वेदसंपन्न तरुण आपल्याबरोबर आणला, त्याला अरबी-फारसी शिकवली आणि त्याच्याकडून ग्रंथ करवून घेतले. कित्येक ठिकाणी जगन्नाथांचा जन्म १६५२ चा आणि मृत्यू १७४४ चा छापलेला आढळतो. आता हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा. महाराजांवर चालून आले ते मिर्झाराजे जयसिंह. पुरंदरचा तह जून १६६५ चा, आणि मिर्झाराजे १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात वारले. १६५२ ला जन्मलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत त्यांना जाऊन पाच वर्षे झालेली होती. सवाई जयसिंह हे त्यांचे वंशज. त्यांचा जन्मच १६८८ चा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. दोन जयसिंहांची एक गोष्ट झाली आहे. पुरंदरच्या तहाइतकी ओळखीची खुंटी मिळाली की दंतकथा तिच्यावर स्वतःला टांगून घेते.

खरे तर या गोष्टीची गरजही नाही. सवाई जयसिंह स्वतः कोवळ्या वयात दक्षिणेत आले होते. १७०० मध्ये आमेरची गादी मिळाली आणि लगेच औरंगजेबाच्या छावणीत हजर व्हावे लागले. १७०२ मध्ये खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, मोगलांनी घेतला त्या वेढ्यात तेरा वर्षांचा हा राजा होता. दक्षिणी पंडितांशी त्याची ओळख तिथे झाली असेल, काशीत झाली असेल, किंवा उज्जैनला. माळव्याची सुभेदारी जयसिंहांकडे पुढे अनेकदा आली. माझा कल काशीकडे आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल. पण १६५२ हे साल मात्र मी कुठेही वापरणार नाही. ते धरले तर रेखागणिताची १७२७ सालची प्रत उतरवली गेली तेव्हा जगन्नाथ पंचाहत्तरीत होते आणि पाच वर्षांनी त्यांनी त्याहून मोठा ग्रंथ हातावेगळा केला असे मानावे लागेल. अशक्य नाही. पण या पुस्तकाने ज्या ग्रंथाची ओळख करून द्यायची त्याच्या कर्त्याने पुराव्याशिवाय एक पाऊलही टाकले नाही, तेव्हा आपणही जरा जपून चालावे.

काशीचे कारण सांगतो. महाराष्ट्रातल्या ज्योतिषी घराण्यांनी अरबी-फारसी खगोलाशी संबंध जोडण्याची सुरुवात जगन्नाथांनी केली नाही. गोदाकाठच्या गोलग्रामचे एक घराणे सोळाव्या-सतराव्या शतकात काशीला जाऊन स्थिरावले होते. त्यातल्या कमलाकरांनी १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला, आणि त्यात समरकंदच्या उलुगबेगाची गणिते उघडपणे स्वीकारली. त्यांच्याच काळातले मुनीश्वर हे सारे नाकारणारे, भास्कराचार्यांचे कट्टर अभिमानी. या दोन पक्षांत काशीत चांगली जुंपली होती. यवनांचे गणित घ्यावे की न घ्यावे, हा वाद म्हणजे मराठी पंडितांच्या घरातला वाद होता. जगन्नाथ आले ते या वादानंतर दोन पिढ्यांनी. तोवर घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न मागे पडला होता; किती घ्यावे आणि कोणत्या वेषात घ्यावे, एवढाच उरला होता.

वेषाचा प्रश्न त्यांनी दोनदा, दोन तऱ्हांनी सोडवला. रेखागणिताच्या आरंभी त्यांनी ही विद्या ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितली, परंपरेने पृथ्वीवर आली, मध्यंतरी नष्ट झाली आणि महाराज जयसिंहांच्या आज्ञेने आपण ती पुन्हा प्रकट केली असे म्हटले आहे. युक्लिडचे नाव नाही, ज्याच्या अरबी पाठावरून काम केले त्या नसीरुद्दीन तूसीचेही नाही. दुसऱ्या ग्रंथात, ‘सम्राट्सिद्धांता’त, मात्र ते सरळ सांगून टाकतात की अरबी भाषेत ‘मिजास्ती’ नावाचा ग्रंथ आहे, तो गणकांना समजावा म्हणून संस्कृतात आणला. मिजास्ती म्हणजे टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’. एकाच लेखणीतून दोन भूमिका कशा निघाल्या? काहींनी याला लबाडी म्हटले आहे, काहींनी राष्ट्राभिमान. मला दोन्ही पटत नाही. खगोलात ग्रहांची स्थाने आकाशाशी ताडून पाहता येतात. तिथे सांगणारा कोण याने काही बिघडत नाही, आणि यवनांचा दाखला देण्याची वाट कमलाकरांनी मोकळी करून ठेवली होती. भूमिती मात्र संस्कृतात कधी स्वतंत्र शास्त्र नव्हती. ती शुल्बसूत्रांत यज्ञवेदीसाठी होती, लीलावतीत क्षेत्रव्यवहार म्हणून होती, शिल्पशास्त्रात होती. तिला आसन हवे होते. विश्वकर्म्याचे नाव घेऊन जगन्नाथांनी तिला शिल्पशास्त्राच्या घरात बसवले. ज्याला खरे मूळ ओळखायचे असेल त्याच्यासाठी अ, ब, ज, द आकृत्यांवर होतेच.

आता ग्रंथाकडे. तूसी (१२०१–१२७४) हा इराणी पंडित, मराघाच्या वेधशाळेचा प्रमुख. त्याने १२४८ मध्ये युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’चा अरबी संस्कारित पाठ सिद्ध केला. नुसता उतारा नव्हे. शंका, पर्यायी सिद्धता, टिपा त्यात घातल्या. जगन्नाथांचे रेखागणित या पाठावर उभे आहे. पंधरा अध्याय, ४७८ प्रमेये. युक्लिडचे मूळ अध्याय तेरा. चौदावा आणि पंधरावा नंतरच्यांनी जोडलेले, पण अरबी परंपरेने ते सोबतच ठेवले आणि तसेच ते संस्कृतात आले. पहिल्या सहा अध्यायांत सपाट पृष्ठावरची भूमिती आणि प्रमाणे, सातव्या ते नवव्यात संख्या, दहाव्यात ज्यांचे गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येत नाही अशा राशी, पुढे घनाकृती. नवव्या अध्यायातली एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे: मूळसंख्या कधी संपत नाहीत, कितीही मोजल्या तरी एक उरतेच, याची सिद्धता. शून्य आणि दशमान स्थानमूल्य जगाला देणाऱ्या भाषेत या छोट्याशा युक्तिवादाची जगन्नाथांच्या आधी कोणी मांडणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे भारतात सिद्धताच नव्हती काय? होती. उपपत्ती हा शब्दच त्यासाठी आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी, ज्यांच्या ‘ग्रहलाघवा’वर (१५२०) महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके चालली त्यांनीच, लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून नियमामागची कारणे दाखवली. केरळात ज्येष्ठदेवांनी ‘युक्तिभाषा’ मलयाळमात लिहून अनंत श्रेढींच्या उपपत्ती दिल्या, त्या तर युरोपच्या आधी. फरक आहे तो रचनेत. आपल्याकडची उपपत्ती एका नियमापुरती असते. शिष्याला पटले की तिचे काम संपले. युक्लिडकडे प्रत्येक सिद्धता आधीच्या सिद्धतांवर टेकलेली असते, त्या त्यांच्या आधीच्यांवर, आणि उतरत गेले की तळाशी मूठभर व्याख्या आणि गृहीतके. समकोण त्रिकोणाच्या वर्गांचे प्रमेय बौधायनांना ठाऊक होते, भास्कराचार्यांना ठाऊक होते. पण पहिल्या अध्यायातले सत्तेचाळिसावे म्हणून, आधीच्या सेहेचाळिसांच्या आधारावर ते संस्कृतात पहिल्यांदा उभे राहिले ते इथे. कोणती रचना श्रेष्ठ हे ठरवण्याचा इथे उद्देश नाही. एकीने केरळात श्रेढी दिल्या, दुसरीने अलेक्झांड्रियात दहावा अध्याय दिला. एकीला दुसरीची कमतरता भासत होती हे मात्र कमलाकरांपासून जगन्नाथांपर्यंतच्या धडपडीतून कळते.

जगन्नाथ तत्त्वज्ञ होते काय? स्वतंत्र दर्शन त्यांनी लिहिले नाही. पण ग्रंथाच्या पहिल्याच ओळींत, व्याख्यांमध्ये, ते जे करतात ते पाहिले की मला त्यांना निव्वळ अनुवादक म्हणवत नाही. बिंदू म्हणजे काय? युक्लिडच्या मते ज्याला भाग नाहीत तो. एवढेच. तूसीला हे अपुरे वाटले. भाग तर मनातल्या कल्पनेलाही नसतात. म्हणून त्याने पुस्ती जोडली की बिंदूला स्थान असते, त्याच्याकडे निर्देश करता येतो. जगन्नाथांसमोर आणखी एक अडचण होती, जी तूसीसमोर नव्हती. संस्कृतात अविभाज्य म्हटले की न्याय-वैशेषिक वाचलेल्या माणसाला परमाणू आठवतो, आणि परमाणू डोळ्यांना दिसत नाही. तो अनुमानाने मानायचा. तसा बिंदू घेतला तर परमाणूंनी रेषा बनते काय, किती परमाणूंनी बनते, असले न संपणारे शास्त्रार्थ पहिल्याच पानावर सुरू झाले असते. जगन्नाथ लिहितात की बिंदू हा पाहता येण्याजोगा पदार्थ आहे आणि तो विभागता येत नाही. दिसतो, पण तुटत नाही. तूसीचे स्थान त्यांनी दृश्यतेत बदलले, आणि परमाणूला दारातच थांबवले. आधुनिक गणितज्ञ या व्याख्येवर हसेल. दिसणाऱ्या बिंदूला आकार असणारच. पण त्या काळच्या पंडितसभेत कोणता आक्षेप आधी येणार हे त्यांना नेमके माहीत होते. हा माझा तर्क आहे, ग्रंथात त्यांनी कारण दिलेले नाही. पण दुसरे कोणते कारण मला सुचत नाही.

रेखागणितामागचा जयसिंहांचा हेतू अगदी व्यवहारी होता, आणि तो पाहायचा तर जुन्या शहरात जावे लागते. ही प्रस्तावना मी जयपूरच्या तिलक नगरात लिहितो आहे. नावाने लोकमान्य आठवतात, आणि ते इथे शोभतेही, कारण फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवले होते आणि ‘ओरायन’सारखे खगोलावर उभे असलेले पुस्तक लिहिले होते. जवळच मोतीडुंगरीच्या पायथ्याशी १९८८ मध्ये उभे राहिलेले संगमरवरी बिर्ला मंदिर आहे, त्याच्या बाहेरच्या खांबांवर आणि भिंतींवर देवांबरोबर सॉक्रेटिस आणि कन्फ्यूशियसही कोरलेले आहेत. भिंतीवर यवन तत्त्वज्ञ घेणे या शहराला नवे नाही. मोतीडुंगरी रस्त्याने सरळ सांगानेरी दरवाजा, मग जोहरी बाजार, बडी चौपड, आणि डावीकडे वळले की जंतरमंतर, जयसिंहांची वेधशाळा. त्याच्याही उत्तरेला ब्रह्मपुरी, जयसिंहांनी बोलावून आणलेल्या पंडितांची वस्ती.

जयपूरची पायाभरणी १८ नोव्हेंबर १७२७ ची. वेधशाळा पाच: दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, काशी. जयसिंहांनी आधी पितळी यंत्रे करून पाहिली होती. ती लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते, म्हणून मोजणी चुकते, असे निदान त्यांच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फारसी कोष्टकग्रंथाच्या आरंभी आहे. उपाय म्हणून दगडचुन्याची प्रचंड यंत्रे. जयपूरच्या बृहत् सम्राट यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे. तिची तिरपी कड सुमारे २७ अंशांनी उचललेली, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतकी, त्यामुळे ती पृथ्वीच्या आसाला समांतर होते. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. यंत्राच्या खुणा दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतात. गवंड्याला हे बांधायला सांगायचे तर वर्तुळाचा स्पर्शक, समांतर रेषा, प्रतल आणि त्यावरचा लंब यांचा हिशेब बिनचूक हवा. अकराव्या अध्यायातील प्रमेये इथे कडीपाटासारखी कामाला येतात. जयसिंहांना युक्लिड हवा होता तो यासाठी, आणि त्याहून अधिक टॉलेमी कळण्यासाठी, कारण युक्लिडवाचून अल्माजेस्टचे एक पानही उलगडत नाही. त्याच काळात नयनसुख उपाध्यायांनी थिओडोसियसची गोलभूमिती ‘उकर’ नावाने संस्कृतात आणली, तीही अरबीतूनच. मोजून आखलेला कार्यक्रम होता: आधी रेषा, मग गोल, मग आकाश.

आकाश म्हणजे सम्राट्सिद्धांत, १७३२ चा. तेरा अध्याय. टॉलेमीच्या सोबत समरकंदच्या गणितींनी १ अंशाची ज्या काढण्यासाठी शोधलेली रीतही त्यात आहे, आणि जयसिंहांची स्वतःची वेध घेऊन केलेली मोजणीही. क्रांतिवृत्ताचा तिरपेपणा टॉलेमीने २३ अंश ५१ कलांच्या आसपास मानला होता, उलुगबेगाने २३ अंश ३० कलांच्या किंचित वर. जयसिंहांच्या वेधांनी तो २३ अंश २८ कला आला. आजच्या सूत्रांनी त्या काळची किंमत काढली तर फरक कलेच्या अंशात राहतो. जगन्नाथांचा हा ग्रंथ वाचताना जाणवते की ते टॉलेमीचे अनुयायी नव्हते, टॉलेमीची रीत घेऊन त्याचेच आकडे बदलणारे होते.

इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वर्षी रेखागणिताची ती प्रत उतरवली जात होती, त्या १७२७ मध्ये लंडनमध्ये न्यूटन वारला. त्याचा ‘प्रिन्सिपिया’ चाळीस वर्षे आधी छापला गेला होता. जयपूरला तो पोहोचला नाही. जयसिंहांनी प्रयत्न केला नाही असे मात्र नाही. फादर मनुएल द फिगेरेदो या जेझुइटाच्या सोबत त्यांनी माणसे गोव्यामार्गे लिस्बनला पाठवली. ती पॅरिसच्या फिलिप द ला हिर याची कोष्टके घेऊन परतली. जयपुरात ती आकाशाशी ताडून पाहिली तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली, आणि ती झीजमध्ये नोंदवलीही आहे. युरोपची कोष्टके चुकीची ठरली, म्हणजे युरोपकडे शिकण्याजोगे फारसे काही नाही, असा समज दरबारात झाला असल्यास नवल नाही. शिवाय सूर्यकेंद्री मांडणीचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध यादीत होते. जेझुइटांकडून ते येणार कसे? बंगालमधल्या चंद्रनगरहून १७३४ मध्ये दोन फ्रेंच जेझुइट जयपूरला आले, वेध घेतले, परतले. दार किलकिले झाले आणि पुन्हा लागले. यात जगन्नाथांचा दोष काढणारे लेख मी वाचले आहेत. ज्या माणसाच्या हाती अरबी पोथी आली त्याने तिच्यातून जे निघण्याजोगे होते ते सगळे काढले. न आलेल्या लॅटिन पोथीचा हिशेब त्याच्याकडे मागणे बरोबर नव्हे.

जयसिंह २१ सप्टेंबर १७४३ ला वारले. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह यांच्यातल्या गादीच्या भांडणात होळकर-शिंदे उतरले. १७५० च्या अखेरीस ईश्वरीसिंहाने प्राण दिले, आणि जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात मराठ्यांची मोठी कत्तल झाली. मराठी वाचकाला जयपूरचे अठरावे शतक ठाऊक आहे ते एवढेच: चौथाई, खंडणी, बगरूची लढाई. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला जाताना इथे थांबल्या आणि जयसिंहांनी त्यांचा मोठा मान केला हे कुणाला आठवते. त्याच शहरात त्याच वर्षी एक मराठी पंडित टॉलेमी आणि युक्लिड दोघांनाही संस्कृतात आणून बसला होता हे मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. आणि वेधशाळा तर राजाबरोबर थंडावल्याच.

म्हणून जगन्नाथांचा प्रभाव शून्य, असे बहुतेकजण लिहून मोकळे होतात. मला ही नोंद घाईची वाटते. प्रभाव राजवाड्यातून पुढे गेला नाही, हे खरे. तो शाळेतून गेला, आणि शंभर वर्षांनी. माळव्यातील सीहोरला लान्सलॉट विल्किन्सन हा कंपनीचा अधिकारी होता. पंडितांना नवे खगोल शिकवायचे तर त्यांच्याच सिद्धांतग्रंथांतून शिकवावे असा त्याचा आग्रह. सुबाजी बापू हे मराठी पंडित त्याच्या या उद्योगातले प्रमुख. सूर्यकेंद्री मांडणी समजावणारा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ त्यांनी १८३६ मध्ये मराठीत लिहिला. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, विल्किन्सनने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात रेखागणिताची ओळख करून दिली. आणि त्याने नागपुरात शिकणारा एक हुशार मुलगा हेरून सीहोरला नेला. तो बापूदेव शास्त्री. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवू लागले, रेखागणित हा त्यांच्या शिकवण्याचा विषय. तिथे त्यांनी जवळपास पन्नास वर्षे घालवली, संस्कृत-हिंदीत भूमिती-बीजगणिताची पाठ्यपुस्तके केली. त्यांच्यामागून त्या जागेवर सुधाकर द्विवेदी आले. द्विवेदींच्या ‘गणकतरंगिणी’त जगन्नाथांची गोष्ट आहे, त्या दंतकथेसकट.

म्हणजे एका मराठी पंडिताने संस्कृतात आणलेले पुस्तक दुसऱ्या मराठी पंडिताच्या हाती शंभर वर्षांनी पाठ्यपुस्तक झाले, आणि तेही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हट्टामुळे. पुण्यातही इकडे लक्ष गेले होते: शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त जयसिंहांच्या कामाला जागा दिली. तो ग्रंथ मराठीत होता याचे श्रेय आपण पुरेसे घेत नाही; सुधाकर द्विवेदींइतकेच दीक्षितही त्या काळी एकट्याने डोंगर उपसत होते.

छापील रेखागणित मुंबईत निघाले, १९०१ आणि १९०२ मध्ये, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत, दोन भागांत. संपादन हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनी सुरू केले. ते गुजराती कवीही होते. १८९६ मध्ये ते वारले आणि कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदींनी काम पुरे केले. योगायोग असा की त्याच दोन वर्षांत जयपूरच्या जंतरमंतरची दुरुस्ती चालली होती, आणि त्यात गॅरेट नावाच्या लेफ्टनंटाला मदत करत होते चंद्रधर शर्मा गुलेरी, पुढे ‘उसने कहा था’ लिहिणारे, तेव्हा विशीत न पोहोचलेले. दगड जयपुरात दुरुस्त होत होता, पोथी मुंबईत. दोघांना एकमेकांची खबर होती की नव्हती कोण जाणे. यंत्रांना २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि तिकिटाच्या रांगा वाढल्या. पोथीला असली रांग कधी लागत नाही, आणि लागूही नये. ती एकट्याने वाचायची गोष्ट आहे.

या पुस्तकात रेखागणिताच्या पहिल्या अध्यायाचा संपूर्ण मराठी अर्थ आणि सातव्या, नवव्या व अकराव्या अध्यायांतील निवडक प्रमेये दिली आहेत. आकृत्यांवरची अक्षरे जगन्नाथांनी ठेवली तशीच ठेवली आहेत. क, ख, ग करून दिली असती तर सोय झाली असती, पण मग हा ग्रंथ त्यांचा राहिला नसता. शाळेत भूमितीशी ज्यांचे सूत जुळले नाही त्यांनी पहिल्या अध्यायातील सत्तेचाळिसावे प्रमेय आधी उघडावे, त्यात ज्या-ज्या मागच्या प्रमेयाचा हवाला येईल तिकडे वळावे, आणि असे मागे-मागे जात बिंदूच्या व्याख्येपर्यंत यावे. गणिताची सवय असणाऱ्यांनी सरळ नवव्या अध्यायातील मूळसंख्यांच्या प्रमेयावर जावे. कागद आणि कर्कटक जवळ असू द्यावे, कारण नुसत्या डोळ्यांनी वाचले तर आठव्या-नवव्या पायरीवर अ आणि ह यांचा गोंधळ ठरलेला आहे. दुसऱ्या अध्यायातील काही प्रमेये आज बीजगणिताने दोन ओळींत होतात. ती गाळली आहेत, आणि त्याबद्दल काही जाणकार रागावतील. त्यांना मुंबई संस्कृत ग्रंथमालेची मूळ प्रत मोठ्या ग्रंथालयांत अजून मिळते.

तिलक नगर, जयपूर